नवतप्यातला मांडव

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ रखरखीत दिवस, लागायच्या आधी आमच्या गोंदियातल्या गल्लीत कूलरचं गवत बदलणारा येतो. सायकलच्या मागे नव्या गवताच्या जाळ्या बांधलेल्या, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि बोलणं असं की जणू कूलर त्याचा आणि आम्ही नुसते भाडेकरू. "भाभीजी, घास तो पूरी सड़ गई है. पिछले साल भी बोला था." मागच्या वर्षीही बोलला होता, हे खरं आहे. मी दर वर्षी त्याच्याशी घासाघीस करते आणि दर वर्षी गवत बदलूनच घेते. मला त्या कोरड्या गवतावर पहिलं पाणी पडतं तेव्हाचा वास हवा असतो. तो वास घेत मी कूलरसमोर उभी राहते आणि नवरा विचारतो, "आज शाळेला सुट्टी आहे म्हणून स्वयंपाकालाही आहे का?"

याच दिवसांत मायचा फोन रोज येतो. माय म्हणजे माझी आई. सौंदडच्या पलीकडे आमचं गाव, तिथे ती आणि बाबा राहतात. जेवली का, पिहू जेवली का, जावई जेवले का, हे ती वर्षभर विचारते. नवतप्यात मात्र पहिला प्रश्न वेगळा असतो.

"बाई, कूलर लावला त समोरची खिडकी उघडी हाये ना?"

"आहे गं."

"पाहून सांग."

मग मी उठते, खिडकी पाहते, पुन्हा येऊन सांगते. एवढं झालं की तिचा जीव भांड्यात पडतो. बाहेर ऊन मी म्हणत असतं, गल्लीतलं कुत्रं नळाखालच्या ओलीत पसरलेलं असतं, आणि माझी माय तिकडे गावात बसून माझ्या खिडकीची काळजी करत असते. शेजारच्या बाईंना वाटतं, तिला चोरांची भीती आहे. चोराची असती तर तिनं खिडकी बंद करायला सांगितली असती, पण हे शेजारणीला समजावत बसायला मला वेळ नाही.

खिडकीची ही काळजी माझ्या लेकीच्या, पिहूच्या, जन्माच्या उन्हाळ्यातली आहे.

त्या उन्हाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात मायनं तालुक्याच्या गावी जाऊन धिंगरी लावायचं शिकून घेतलं होतं. धिंगरी म्हणजे शिंपल्यासारखी पसरणारी अळंबी. बचत गटातल्या बायांबरोबर ती गेली, आणि बाकीच्या बाया चहा पिऊन परत आल्या तर ही तणसाची पिशवी भरायची कशी हे डोक्यात घेऊन आली. धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, आमच्याकडे ढिगानं. ते बारीक कापायचं, भिजवायचं, ड्रममध्ये उकळत्या पाण्यातून काढायचं, पिळून पाणी ठिबकेनासं झालं की प्लॅस्टिकच्या पिशवीत थरावर थर भरायचं आणि प्रत्येक थरावर बी पेरायचं. पिशव्या अंधारात टांगायच्या. आतलं तणस पांढरंफेक झालं की प्लॅस्टिक कापून काढायचं आणि मग रोज पाणी शिंपडत वाट पाहायची.

बाबांना हे सगळं म्हणजे पोरखेळ वाटायचा. "सात्या देव देते," ते म्हणायचे, "पावसात, वारुळावर. पोत्यात कोण सात्या पेरते?" सात्या म्हणजे आमच्याकडची रानातली अळंबी, ती मिळाली त्या दिवशी घरात सण असतो. पण हिवाळ्यात मायच्या पिशव्यांना फुलं आली, आणि बाबांनी ती खाल्लीही. फक्त जेवून उठताना म्हणाले, "हिवाळ्यात त कोणाचंबी येते."

बस. एवढं वाक्य मायला पुरलं. ती म्हणाली, "मंग उन्हाळ्यात आणून दाखवतो."

आमच्या भागात बायाही 'आणतो', 'करतो' असंच म्हणतात, आणि माय हे म्हणते तेव्हा ते झाल्यातच जमा असतं. पण गोंदियाचा उन्हाळा मायपेक्षा हट्टी आहे. शिवाय प्रश्न खोलीचा होता. पिशव्या होत्या त्या खोलीत वर्षानुवर्षं धान ठेवायचे. जाड मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, खिडकी नाही. आढ्याजवळ विटेएवढा एक झरोका. घरातली सगळ्यात गार जागा तीच. उन्हाळी धान कापून घरात आलं की खोली लागणारच होती. बाबांनी एका सकाळी ओसरीवर बसून निकाल सांगितला: "धान घरात येईन तवापर्यंत तुह्या पिशव्यांले फूल आलं, त खोली तुही. नाही आलं, त धानाची. मंग बोलाचं नाही."

हे ते हसत म्हणाले. पण बाबा हसत म्हणतात ते खरं करतात, हे मायला ठाऊक होतं. आणि मायला या घरात आजवर 'माझं' म्हणावं असं काही नव्हतं. चूल होती, पण चूल काय, ती तर सगळ्यांचीच असते. एक खोली, जिच्या दारावर कडी तिनं लावायची आणि तिनंच काढायची, ही गोष्ट तिला किती हवी होती हे ती कधी बोलली नाही. मी तिची मुलगी आहे, मला दिसत होतं.

एप्रिल संपता संपता शाळेच्या परीक्षा उरकून मी पहिलटकरीण म्हणून माहेरी आले, तेव्हा खोलीचं एक वेगळंच राज्य झालेलं होतं. जमिनीवर वाळूचा थर, त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी. भिंतींवर दोऱ्या बांधून ओला बारदाना सोडलेला. कोपऱ्यात आमच्या घरून पाठवलेला जुना कूलर घरघरत होता. नवऱ्यानं गोंदियाच्या बाजारातून गरमी आणि ओल दाखवणारं एक छोटं घड्याळ आणून दिलं होतं. ते मायनं मानानं खिळ्याला टांगलं होतं आणि त्याच्याकडे ती ढुंकूनही पाहत नव्हती. तिचं माप वेगळं होतं. दार उघडून आत पाऊल टाकायचं. वाळूची मूठ वळली की ओल बरोबर. नाही वळली की शिंपडा पाणी. "हे घड्याळ जावायले दाखवाले ठेवलं हाये," ती मला म्हणाली.

दार मात्र घट्ट बंद. झरोक्यात चिंध्यांचा बोळा कोंबलेला. दाराच्या फटीत जुनं लुगडं. मी विचारलं, "एवढं का कोंडलंस?"

उत्तर मायनं दिलं नाही, आत्यानं दिलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शेजारच्याच घरात राहते आणि दोन्ही घरं चालवते. गावातल्या निम्म्या बाळंतपणांना ती होती, आणि उरलेल्या निम्म्यांना का नव्हती याचा तिला अजून राग आहे. ती म्हणाली, "नाजूक जीव हाये वो तो. बाळंतिणीसारखाच. वारा लागला की गेला."

मायला हे पटलं होतं. मलाही तेव्हा पटलं, कबूल करायला हरकत नाही. आमच्याकडे नाजूक म्हटलं की कोंडायचं, ही रीतच आहे. नवं बाळ कोंडा, बाळंतीण कोंडा, लोणच्याची बरणी कोंडा. आणि मायनं तर ती खोली आईच्या मायेनंच कोंडली होती. आत जाताना ती पदर डोक्यावर घ्यायची आणि हळू बोलायची.

मग फुलं आली. देठ वीतभर लांब, आणि टोपी सदऱ्याच्या बटणाएवढी. पिशवीपिशवीतून त्या पांढऱ्या माना बाहेर निघून दाराकडे वळलेल्या. बाबांनी दारातून डोकावलं आणि विचारलं, "हे काय होय? कांद्याची पात लावली का?"

त्या दिवशी माय खूप वेळ खोलीत बसून होती. मग तिनं प्रशिक्षणातल्या मॅडमना फोन लावला, मान हलवत ऐकलं, आणि बाहेर येऊन आत्याला म्हणाली, "बाईजी, तेबी श्वास घेतेत म्हणे. आपण कोंडलं जी त्यायले. हवा शोधत शोधत माना लांबल्या." आत्यानं 'मॅडमला लेकरं किती' एवढंच विचारलं. त्या लांब देठांची भाजी झाली. रबरासारखी होती. बाबांनी दोनदा मागून घेतली आणि दोन्ही वेळा नावं ठेवली.

माय हरणारी नव्हती. तिनं मे महिन्यात पुन्हा पिशव्या भरल्या. या खेपेला झरोक्यातला बोळा काढला, दार किलकिलं ठेवून त्यावर ओलं पोतं टांगलं. पिशव्या पांढऱ्या होत आल्या. नवतपा चार दिवसांवर होता, उन्हाळी धानाच्या लोंब्या पिवळ्या पडल्या होत्या, आणि आता प्लॅस्टिक कापायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात पिहूनं घाई केली. अजून अवकाश होता, पण तिला धीर नव्हता. तो तिला आजही नाही. मला गोंदियाला दवाखान्यात नेलं, सगळं नीट झालं, आणि नवतपा लागला त्या दिवशी मी एवढुसा गोळा मांडीवर घेऊन गावच्या वाटेला लागले. गाडीच्या काचेला हात लावला तर चटका बसत होता. मी सारखी पिहूच्या कपाळावर पदर धरत होते आणि मनात एकच विचार: हिला मी ठेवू कुठे? ओसरी तापते, मधली खोली त्याहून तापते.

घरात शिरले तर माय मला सरळ धानाच्या खोलीत घेऊन गेली. वाळू उपसलेली. जमीन सारवलेली. भिंतीवरचा बारदाना गेलेला. मध्ये बाज, बाजेवर धुवट गोधडी, उशाशी पाण्याचं मडकं. त्या गारव्यात पाऊल टाकलं आणि मला रडू आलं, सुखानं. मग लक्षात आलं की खोली रिकामी आहे.

"माय, पिशव्या?"

"हायेत मागं. वाडीत."

"वाडीत? या उन्हात?"

"आंब्याखाली टांगल्या. तू नीज."

"अगं पण धान आलं म्हणजे..."

"पोरीपरीस का पिशव्या मोठ्या हायेत?" असं म्हणून ती पिहूचं टोपरं सोडायला लागली. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. रागावली असती, निदान सुस्कारा टाकला असता, तर बरं वाटलं असतं. मी त्या बाजेवर आडवी झाले आणि गारवा मला टोचायला लागला. तो तिचा होता. तिनं वाळूवर पाणी शिंपून शिंपून तयार केलेला.

बाबा दारात उभे होते. त्यांनी खोलीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. पैज तर त्यांनी जिंकल्यातच जमा होती. मग ते निघून गेले.

बाळंतिणीनं उठून हिंडायचं नसतं, त्यामुळे पुढचं बरंचसं मी झरोक्यातून ऐकलेलं आहे. खोलीच्या मागच्या भिंतीला लागूनच वाडी, म्हणजे आमचं परस. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत कुऱ्हाडीचे आवाज आले, बांबू ओढत आणल्याचे आवाज आले, मग सब्बल, म्हणजे पहार, जमिनीत बसल्याचे. नंतर पाला सळसळला आणि जांभळीच्या ओल्या पानांचा वास थेट माझ्या बाजेपर्यंत आला. तो वास लग्नाघरचा. आमच्याकडे मांडव जांभळीच्या डाहाळ्यांचा घालतात, आणि भाऊकीतली माणसं त्या डाहाळ्या घेऊन येतात.

बाहेरून कोणीतरी ओरडून विचारलं, "काऊन गा टेकचंद, कोणाचं लगन हाये?"

"माह्या घरवालीचं," बाबा म्हणाले. "मीच लावून राहिलो. येऊन हात लाव."

आणि माणसं आलीच. मांडव म्हटलं की आमच्याकडे बोलावणं लागत नाही. कोणी डाहाळ्या आणल्या, कोणी रिकामा बारदाना, कोणी नुसतेच सल्ले आणले. आंब्याच्या सावलीत, बोअरच्या जवळ, चार बांबूंवर मांडव उभा राहिला. चारही बाजूंना बारदान्याच्या कनाती सोडल्या. आत मायच्या पिशव्या टांगल्या आणि खोलीतला कूलर आणून ठेवला. वऱ्हाड नाही, वाजंत्री नाही, नवरी तणसाची. आत्या म्हणाली, "अक्षदा आणू का?" तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं होतं. पण दुपारी तीच बगलेत मडकं घेऊन आली. उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर गळती धरतात ना, तसं मडक्याच्या बुडाला भोक पाडून, त्यात कापडाची वात घालून तिनं ते कनातीच्या वर टांगलं. थेंब थेंब पाणी पोत्यावर झिरपायला लागलं. "लाईन गेली त कूलर बसते," ती म्हणाली, "गळती नाही बसत." आत्या अशी आहे. ती आधी भांडते, मग मडकं आणते.

बाबा दिवसभर फवारा मारत होते. धानावर मारायचा पंप त्यांनी उचलला तर मायनं तो हातातून काढून घेतला. त्यात औषधाचा अंश असतो. मग त्यांनी माळ्यावरून माझी लहानपणीची होळीची पिचकारी शोधून काढली. भर नवतप्यात, डोक्याला दुपट्टा बांधून, एक पिकल्या मिशांचा माणूस प्लॅस्टिकच्या गुलाबी पिचकारीनं पोती भिजवतोय, हे मला दिसलं नाही याची हळहळ मला अजून आहे. पण ऐकू आलं. "जराक वर मारा जी." "मारून राहिलो ना!" "तथी कोपरा सुका हाये." "माहा हात दुखून राहिला." "द्या मंग इकडं." "नाही."

इकडे खोलीत वेगळंच युद्ध. आत्यानं मडकं दिलं म्हणून बाळंतपणाची सत्ता थोडीच सोडली होती? तिनं बाजेखाली शेगडी ठेवली, निखाऱ्यावर ओवा टाकला, झरोक्यात पुन्हा बोळा कोंबला आणि दार लावून घेतलं. एवढ्या जाड भिंतींची गार खोली, पण घटकाभरात तिची भट्टी झाली. धुरानं माझे डोळे चुरचुरत होते. पिहूच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं. ती रडून रडून लाल झाली, मग तिचा आवाज बसला आणि ती नुसतंच तोंड उघडायला लागली. मी पहिलटकरीण, मला वाटलं, असंच असतं. मी तिला छातीशी धरून घाबरून बसले होते.

दार उघडून माय आत आली. ओल्या हातांनीच आली होती, मांडवातून. तिनं पिहूला उचलून तिची मान पाहिली. मग वाकून बाजेखालची शेगडी ओढली.

"बाईजी, हे उचलतो मी."

"बाळंतिणीले वारा लागन," आत्या म्हणाली.

"लागू द्या."

"रीत हाये ते!"

"हाये जी. पण कोंडून पाह्यलं ना आपण एकदा," माय म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माना लांबल्या नुसत्या. डोकं काही धरलं नाही."

"तू माह्या नातीले सात्या समजते का?"

"सात्यापरीस जास्त समजतो. म्हणून त म्हणून राहिलो."

तिनं शेगडी बाहेर ठेवली, स्टुलावर चढून झरोक्यातला बोळा ओढून काढला, दार उघडलं आणि त्यावर पोतं भिजवून टांगलं. पोत्यातून आलेली पहिली झुळूक पिहूच्या अंगावरून गेली तेव्हा तिनं रडणं थांबवून डोळे वटारले, जणू विचारत होती, हे इतका वेळ कुठे होतं? थोड्या वेळानं ती झोपली. मीही झोपले. आत्या रुसून गेली आणि संध्याकाळी घामोळ्याला लावायला मुलतानी माती घेऊन आली.

मायनं आपल्या सासूच्या, आजेसासूच्या काळची रीत माझ्यासाठी मोडली, आणि ती मोडायचं बळ तिला त्या बटणाएवढ्या टोप्यांनी दिलं होतं. दुसऱ्या कोणाच्या आईनं हे पुस्तकात वाचलं असेल, दवाखान्यात ऐकलं असेल. माझ्या मायनं ते एका हरलेल्या पिकाकडून घेतलं. तिची मला त्या दिवशी इतकी माया आली की तिला हाक मारून तसं सांगावं वाटलं. हाक मारलीही. ती आली, म्हणाली, "काय पाह्यजे?" मी म्हटलं, "पाणी."

नवतप्यात मध्येच एक दिवस आभाळ आलं. बाबांचं तोंड उतरलं. आमच्याकडे नवतपा कडक तपावा लागतो. तो गळला तर पुढे पाऊस दगा देतो, असं म्हणतात. माय मात्र खूश. तिला वाटलं, देवानंच सावली धरली. सकाळी सकाळी झरोक्याबाहेर दोघांची तीच जुनी जुगलबंदी: "तपाले पाह्यजे!" "तुम्हाले तपाले पाह्यजे, मले गार पाह्यजे." दुपार झाली तसा वारा पडला. हवा चिकट झाली. मायनं मांडवात हात घालून पाहिला. मग मला तिचा आवाज आला, कोड्यात पडल्यासारखा: "पोतं ओलं हाये जी. पण गार नाही."

पोतं सुकत नव्हतं, म्हणून गार होत नव्हतं. ओल्या पोत्याला गार व्हायला कोरडा वारा लागतो. ऊन जितकं सुकं, वारा जितका खरमरीत, तितका मांडव गार. मी शाळेत मुलांना हे फळ्यावर शिकवलेलं आहे, माठाची आकृती काढून. पण त्या दुपारी ते मला माझ्या मायच्या तोंडून पहिल्यांदा कळल्यासारखं वाटलं. त्या दिवशी दोन-तीन पिशव्यांच्या कोपऱ्यांत हिरवी बुरशी धरली, आणि मायनं त्या मुकाट्यानं उचलून दूर नेल्या. उरलेल्यांचाही भरवसा नव्हता. धान कापणीला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी आभाळ निवळलं आणि ऊन असं आलं की कवेलू तडतडायला लागले. झाडून सगळे घरात. वाडीत दोघंच.

"तपू द्या जी," माय म्हणाली. "चांगलं तपू द्या."

 मग मला बाबांचं हसू ऐकू आलं, आवाज न करता हसताना नाकातून येतं तसं. लग्न झाल्यापासून या दोघांनी आभाळाकडे एकच गोष्ट मागितल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं. आईबाप म्हणून मी त्यांना नेहमीच पाहिलं होतं, पण जोडपं म्हणून मी त्यांना त्या दिवशी झरोक्यातून ऐकलं.

फुलं आली ती धान घरात यायच्या आदल्या सकाळी. माय मला सांगायला आली नाही. तिनं एक गुच्छच आणून माझ्या ओंजळीत ठेवला. ताटलीसारख्या रुंद टोप्या, काठाला किंचित वळलेल्या, देठ बोटाच्या पेराएवढे. गार होता तो गुच्छ. बाहेर अंगाची लाही होत होती आणि माझ्या हातात ते गार ओझं. पिहूच्या बारशाला त्याचीच भाजी झाली. आत्यानं जेवायला आलेल्या प्रत्येकीला सांगितलं की गळतीची अक्कल तिची.

पण बाबा ते बाबाच. पंगत उठल्यावर ओसरीवर सुपारी कातरत म्हणाले, "फूल आलं, हे खरं. पण आलं मांडवात. खोलीत नाही आलं. पैज खोलीची होती."

सगळे हसले. मायही हसली. पण हसता हसता तिनं पदराला हात पुसले आणि उठून गेली, आणि मला तो विनोद अजिबात आवडला नाही. त्या दिवशी धानाची पोती ओसरीवर रचली गेली, कारण खोलीत मी होते. मी गेल्यावर ती आत जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मांडवाच्या डाहाळ्या सुकल्या, पानं गळाली. पहिले पाऊस झाले. गावात धान रोवायची लगबग सुरू झाली. मायनं उरलेली बीची पाकिटं गटातल्या बायांना वाटून टाकली. "पुढच्या वर्षी पाहू," एवढंच ती म्हणाली.

माझी सासरी जायची वेळ झाली. त्याआधी पिहूला टोचून आणायचं होतं, म्हणून माय आणि मी तिला घेऊन सकाळीच सौंदडला गेलो. परत आलो तर घरातून धप धप आवाज येत होता आणि आत्या अंगणात उभी राहून ओरडत होती. आम्ही धावत आत गेलो. खोलीत धूळच धूळ. मागच्या भिंतीला भगदाड पडलेलं, त्यातून वाडीतला उजेड आत सांडलेला, आणि बाबा सब्बल घेऊन त्या भगदाडाच्या कडा सारख्या करत होते. मिशा मातीनं पिवळ्या. माझी बाज त्यांनी आधीच ओसरीवर नेऊन ठेवली होती. पावसाचे दिवस, चांगली भिंत, असं काय अंगात आलं म्हणून आत्या विचारून विचारून दमली होती. आम्हाला पाहून तिला पुन्हा जोर चढला.

"तूच सांग वो आता याले! काऊन गा टेकचंद, धानाले खिडकी कायले पाह्यजे?"

बाबांनी सब्बल भिंतीला टेकवली.

"धानाले नाही पाह्यजे," ते म्हणाले.

 मायनं पिहूला माझ्या हातात दिलं आणि ती बाहेर गेली. परत आली ती एक पोतं भिजवून. ते तिनं दोन्ही हातांनी उचलून त्या खिडकीला लावून पाहिलं. खिडकी पोत्याच्या मापाची होती.